कुटुंबातलं कोण?

प्रिय मित्रा,

कुटुंबाला समाजाचा आधार मानायचं की माणसाच्या पायातली बेडी, हे ठरेना म्हणून तुझा कुटुंबविषयक धोरणाचा मसुदा अडलाय. ठरवू नकोस. १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं सोळावं कलम पूर्ण वाच. कुटुंब हा समाजाचा मूलभूत घटक, राज्याने त्याला संरक्षण द्यावं, हे तू उचललंस. पण लग्नात आणि लग्न मोडतानाही दोघांचे हक्क समान, हे त्याच कलमात त्याआधी येतं. ते कसं सुटलं?

'ही जबाबदारी कुटुंब घेईल' असं तू जागोजागी लिहिलंयस. आजारपण, म्हातारपण, नोकरी गेलेला मुलगा, सगळं कुटुंबाच्या गळ्यात. कुटुंबातलं कोण? समासात हा प्रश्न लिही आणि नाव नाही तरी निदान नातं लिहिल्याशिवाय पुढे सरकू नकोस.

ब्रिटनमध्ये १९४५ साली मुलांसाठी कौटुंबिक भत्त्याचं विधेयक आलं. पैसे वडिलांच्या हाती द्यायचं ठरत होतं. त्या भत्त्यासाठी अनेक वर्षं झगडलेल्या एलेनॉर रॅथबोन यांनी बजावलं, असं असेल तर मी विरोधात मत देईन. स्वतःच्याच आयुष्यभराच्या मागणीच्या विरोधात! भत्ता आईच्या हाती गेला. १९४६च्या ऑगस्टमध्ये वाटप सुरू झालं तेव्हा त्या हयात नव्हत्या. याला काही लोक आडमुठेपणा म्हणतात. म्हणोत.

स्वीडनने १९७४मध्येच पालकत्वाची रजा दोघांना खुली केली, पण बाप ती फारशी घेईनात. १९९५मध्ये आई-बाप दोघांसाठी एकेक महिना, जोडीदाराला देता येणार नाही असा, राखून ठेवला, तेव्हा बाप घरी थांबू लागले. कुटुंबातलं कोण, हे कायद्यानेच सांगितलं.

खरा पेच वृद्धांच्या सेवेचा आहे, आणि तिथेच तू घाई केलीस. जर्मनीच्या १९९५च्या सेवाविम्यात घरी काळजी घेतली जात असेल तर रोख रक्कम घेता येते. जपानने २००० साली असाच विमा आणला, पण रोख नाकारली, फक्त सेवा दिल्या. रोख आली की सून घरात आणखी जखडली जाईल, असं तिथल्या स्त्री-संघटनांचं म्हणणं होतं. मला जपानचं पटतं. तुला जर्मनीचं पटलं तर भांड माझ्याशी, पण सुनेचा उल्लेख न करता भांडू नकोस.

सामाजिक एकोप्याबद्दल तू सुंदर लिहिलंयस, नको तितकं सुंदर. एकाच माणसाच्या पाठीवर उभा असलेला एकोपा त्या माणसाला काय वाटतो, ते विचारलंस का? हेच मी बैठकांमध्ये विचारत राहिलो, म्हणून पुढे मला बोलावणं थांबलं. मी सौम्य बोलायला हवं होतं, असं जुने सहकारी सांगतात. सौम्य बोलणारे होतेच की तिथे, भरपूर. त्यांनी काय बदललं?

असो. तुझी तळमळ खरी आहे, म्हणून इतकं लिहितोय. तिसरं प्रकरण नव्याने लिही. मुदत कमी पडली तर वाढवून माग, आणि पाठव आधी मला.

तुझा,
एक हट्टी म्हातारा