नावात ‘सीरम’ का?

प्रश्न : मी बायोटेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं नाव लसींमुळे झालं, मग नावात ‘सीरम’ का? घोड्यांपासून सुरुवात झाली म्हणतात, ते खरं का?
— एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : अगदी खरं आहे, बाळ. पूनावालांच्या स्टड फार्मवरचे (म्हणजे घोड्यांची पैदास करायच्या जागेवरचे) थकलेले घोडे परळच्या हाफकिन संस्थेला दिले जायचे. तिथे त्यांच्या रक्तापासून सीरम बनायचं. घोडे आपल्याकडे आहेत, तर सीरमही आपणच का बनवू नये, या विचारातून सायरस पूनावालांनी १९६६ साली पुण्यात हडपसरला कंपनी काढली. पहिला माल धनुर्वातावरचा.

मी गुरांचा डॉक्टर. शिकत असताना घोड्याचं रक्त काढताना जवळून पाहिलंय. घोडा गवत खात शांत उभा आणि मानेच्या शिरेतून रक्त बरणीत उतरतंय. घोड्याच्या लाल पेशी भराभर तळाशी बसतात, वर पिवळसर पाणी राहतं, त्यातूनच सीरम मिळतं. आधी कित्येक आठवडे त्या घोड्याला धनुर्वाताचं विष बेताबेतानं टोचलेलं असतं, त्यामुळे विषाला मारणारे घटक त्या पाण्यात तयार असतात. ते शुद्ध करून माणसाला टोचायचं.

आता मुद्दा पाहा. घोड्याला टोचायला विष हवं, म्हणजे धनुर्वाताचे जंतू वाढवून ते विष काढण्याची विद्या हातात हवी. तेच विष फॉर्मालिननं निकामी केलं की टॉक्सॉइड होतं, म्हणजेच लस. सीरमकडून लसीकडे जायची वाट इथूनच फुटते.

सीरम आणि लस या दोन्हींतला फरक आमच्या घरानं सोसलाय. थोरल्या ताईचं पहिलं बाळंतपण घरीच झालं, नाळ विळ्यानं कापली. आठव्या दिवशी बाळ दूध ओढेना, अंग ताठ झालं. ते गेलं. दुसऱ्या खेपेला दवाखान्यातल्या नर्सबाईंनी ताईला दिवस असतानाच धनुर्वाताच्या लसीच्या दोन सुया दिल्या. सीरमचा असर काही आठवड्यांत ओसरतो; लस आईला दिली तरी पोटातल्या बाळाला पुरते. ती भाची आज चाळिशी ओलांडून गेली आहे.

१९७४ साली कंपनीची त्रिगुणी लस आली : घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात. १९८१ मध्ये सर्पदंशावरचं औषध, तेही घोड्याच्याच रक्तातून. माझ्या मते खरी अवघड उडी १९८९ची, गोवराच्या लसीची. गोवराचा विषाणू जिवंत पेशींवरच वाढतो, तिथे घोडा कामाचा नाही. पेशी जोपासायची वेगळीच विद्या शिकावी लागते. ती जमली आणि १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली, तेव्हा परदेशातल्या लसीकरण मोहिमांची दारं उघडली. सर्पदंशाच्या औषधाला मात्र घोडा आजही लागतोच.