गणवेशावरचे नाव आणि हातचा मूळ कागद

आपल्या प्रश्नाचा मला समजलेला सारांश असा : पुण्याच्या जुन्या बाजारातून आपण एक खाकी सुती लष्करी कोट घेतला आहे. त्याच्या गळपट्टीच्या आत शाईने एक क्रमांक आणि इंग्रजी अक्षरांत 'शिंदे' असे आडनाव आहे. कोट पहिल्या महायुद्धातला असल्याचे विक्रेता सांगतो आणि माल ज्या गावातून उचलला त्या गावाचे नावही त्याने दिले आहे. नोंदी मिळवण्यासाठी आपण एका कार्यालयाला पत्र पाठवून चार महिने वाट पाहत आहात, आणि दरम्यान परदेशातील एका संग्राहकाने तो कोट विकत मागितला आहे. हे वाचल्यावर उत्तर लिहिल्याशिवाय मला राहवले नाही, कारण आपण आज जिथे उभे आहात तिथे मीही उभा होतो आणि त्यापुढे जे घडले त्याची भरपाई आजतागायत झालेली नाही.

कोट धुऊ नये, इस्त्री करू नये, बिल्ल्यांना पॉलिश लावू नये, हे आपल्याला ठाऊक असेलच असे धरून मी थेट क्रमांकाकडे वळतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात जवानाचा क्रमांक हा त्याच्या पलटणीपुरताच असे. १०५व्या मराठा लाइट इन्फंट्रीत ज्या क्रमांकाचा एक जवान होता, त्याच क्रमांकाचा दुसरा जवान ११७व्या पलटणीतही असू शकतो; आणि शिंदे, पवार, जाधव ही आडनावे तर प्रत्येक पलटणीत डझनावारी होती. त्यामुळे पलटण निश्चित झाल्याखेरीज क्रमांक आणि आडनाव मिळूनही माणूस सापडत नाही. १९२२ च्या पुनर्रचनेत १०३, १०५, ११०, ११६ आणि ११७ या मराठा पलटणी पाचवी मराठा लाइट इन्फंट्री या एकाच रेजिमेंटच्या अनुक्रमे पहिल्या ते पाचव्या बटालियन झाल्या, तर ११४वी पलटण दहावी, म्हणजे प्रशिक्षणाची बटालियन होऊन बेळगावात स्थिरावली. म्हणून खांद्यावर ११७ असा पितळी आकडा असेल तर काळ १९२२ पूर्वीचा, आणि पाचव्या रेजिमेंटची खूण असेल तर नंतरचा, इतके प्राथमिक अनुमान करता येते.

मात्र हे अनुमान धातूवर अवलंबून आहे आणि धातू सहज बदलता येतो. कपडे धुताना काढून ठेवता यावीत म्हणून लष्करी बटणे पुष्कळदा कापडाच्या भोकातून आत घेऊन मागे कडीने अडकवलेली असत. बाजारात तीच पहिल्यांदा वेगळी होतात आणि दुसऱ्याच कोटावर चढतात. म्हणून बटण काढून त्याखालचे कापड पाहावे. पितळ वर्षानुवर्षे एकाच जागी राहिले की कापडावर हिरवट-काळपट कडे उमटते. ते कडे आजच्या बटणाच्या आकाराशी जुळत नसेल, किंवा भोकाभोवतीचे कापड अगदी कोरे असेल, तर बटण कितीही जुने असले तरी ते त्या कोटाची साक्ष देत नाही. खांद्यावरच्या आकड्यासाठी पाडलेल्या भोकांनाही हेच लागू आहे.

गळपट्टीवरची शाई दिवसाच्या तिरक्या उजेडात, शक्यतो भिंगाखाली पाहावी. सरकारी कपडा जमा होऊन पुन्हा दुसऱ्याला दिला जाई, तेव्हा पहिला क्रमांक खोडून शेजारी दुसरा लिहीत. आपल्या कोटावर 'शिंदे' या अक्षरांखाली किंवा बाजूला फिकट रेघ दिसली तर तो कोट एकापेक्षा अधिक जणांनी घातलेला असण्याची शक्यता गृहीत धरावी. त्याने कोटाचे मोल कमी होते असे मी अजिबात मानत नाही. उलट संशोधनासाठी एकाऐवजी दोन माणसे मिळतात.

आता कार्यालयाविषयी. सगळीच कार्यालये वाईट असतात असे माझे म्हणणे नाही, आणि कोणत्या कार्यालयाचा हा अनुभव आहे ते मी सांगणार नाही, त्यामुळे कृपया विचारू नये. माझ्याकडे सातारा जिल्ह्यातील एका कुटुंबाकडून आलेला दुसऱ्या महायुद्धातील बॅटलड्रेसचा, म्हणजे लोकरी लढाऊ गणवेशाचा, कोट आहे. तो घालणारे जवान पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमधून इटलीत लढले, असे त्यांचे चिरंजीव सांगत. ही बटालियन आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती. नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मधल्या सेनियो नदीवरच्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले तीच ही बटालियन. कोटाच्या बाहीवर त्या डिव्हिजनची क्लोव्हर या गवतवर्गीय रोपाची खूण शिवलेली होती. कुटुंबाकडे जवानांचे डिस्चार्ज बुक, म्हणजे सेवामुक्तीच्या वेळी मिळालेले पुस्तकही होते. त्यात उंची, छातीचे माप, अंगावरच्या खुणा, भरतीचा दिनांक आणि अंगठ्याचा ठसा होता. बॅटलड्रेसच्या आत शिवलेल्या चिठ्ठीवरही उंचीचे आणि छातीचे माप छापलेले असते. त्या पुस्तकातली मापे आणि चिठ्ठीवरची मापे जुळली, तेव्हा कोट आणि माणूस यांना जोडणारा इतका थेट पुरावा माझ्या पाहण्यात पूर्वी कधी आला नव्हता.

त्यानंतर सेवेचा संपूर्ण तपशील मिळावा म्हणून अर्ज केला. आधी उत्तर आले की अर्जदार नातेवाईक नसल्याने माहिती देता येणार नाही. मग चिरंजीवांच्या सहीने अर्ज गेला, तेव्हा साक्षांकित प्रत अमान्य करून मूळ डिस्चार्ज बुक पडताळणीसाठी समक्ष जमा करण्यास सांगण्यात आले. ते वयस्कर गृहस्थ एसटीने तालुक्याला आणि तिथून पुढे गेले, खिडकीवर पुस्तक दिले आणि पोहोच मागितली. पोहोच टपालाने येईल असे त्यांना सांगितले गेले. ती आली नाही. काही महिन्यांनी टेबलावरचा कर्मचारी बदलला, प्रकरण दुसऱ्या शाखेत गेले, आणि त्या शाखेकडून पत्र आले ते पुन्हा मूळ पुस्तक सादर करण्याविषयी. आम्ही माहितीच्या अधिकारात विचारणा केली, अपील केले. उत्तर एकच : अभिलेख आढळून येत नाही. पुस्तकाच्या पहिल्या दोन पानांची छायाचित्रे आमच्याजवळ होती, पण कुठल्या तारखेला कुठे रवानगी झाली ते सांगणारी पाने कायमची गेली. त्या घराने सत्तर वर्षे उंदीर, पाऊस आणि वाटण्या यांच्यातून सांभाळलेला कागद एका खिडकीपलीकडे नाहीसा झाला, आणि त्याची जबाबदारी घेणारा एकही माणूस पुढे आला नाही. याचा मला आजही संताप येतो. त्यानंतर चिरंजीवांनी घरातली पत्र्याची ट्रंक कोणालाही उघडून दाखवली नाही, आणि त्यांना दोष देण्याचा मला काहीही अधिकार नाही. माझ्या नोंदवहीत त्या कोटापुढे इटलीचा उल्लेख आता 'कुटुंबाच्या सांगण्यानुसार' एवढ्याच शब्दांत आहे.

म्हणून माझे ठाम मत आहे, कोणाला ते टोकाचे वाटले तरी चालेल : कोणताही मूळ कागद कोणत्याही कार्यालयात ठेवून येऊ नये. पडताळणी हवी असेल तर कागद समोर दाखवावा, समोरच पडताळून घ्यावा आणि तो हातात घेऊनच परतावे. प्रत्येक पानाची, कोऱ्या पानांची आणि मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूचीसुद्धा, छायाचित्रे आधी घ्यावीत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, दिनांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. मी वकील नाही, तरी एक गोष्ट सांगतो : माहिती अधिकार कायद्यात तीस दिवसांत उत्तर देण्याचे बंधन आहे, आणि त्याच कायद्याच्या कलम ८(३) नुसार वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती केवळ ती वैयक्तिक आहे या कारणाने नाकारता येत नाही. आपल्या अर्जात या कलमाचा उल्लेख जरूर करावा. आपले साधे पत्र चार महिने पडून असेल तर त्याची वाट पाहणे सोडून द्या आणि रीतसर अर्ज करा.

पण त्याहूनही आधी विक्रेत्याने सांगितलेल्या गावी जा. कार्यालय पुढच्या वर्षीही तिथेच असेल. नव्वदी ओलांडलेली सून किंवा पुतण्या असेलच असे नाही. सातारा, रत्नागिरी, रायगड या भागांतल्या अनेक गावांत १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गावातून किती माणसे गेली आणि किती कामी आली हे सांगणारी संगमरवरी पाटी चावडीत, शाळेच्या भिंतीत किंवा देवळाजवळ बसवलेली आढळते. तिच्यावर बहुधा नावे नसतात, फक्त संख्या असते. तरीही त्या गावातून माणसे गेली होती हे तिने सिद्ध होते आणि बोलण्याला सुरुवात करायला विषय मिळतो. घरी गेल्यावर कोटाची गोष्ट लगेच काढू नये. फोटो, पदके, मनिऑर्डरीच्या पावत्या, पेन्शनची कागदपत्रे आहेत का ते विचारावे. दुसऱ्या महायुद्धातील माजी सैनिकांना आणि त्यांच्या पत्नींना राज्य सरकारकडून दरमहा अनुदान मिळत असे, त्यामुळे त्या काळाशी संबंध असेल तर घरात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी झालेला पत्रव्यवहार सापडण्याची चांगली शक्यता असते, आणि त्या पत्रांवर लष्करी क्रमांक असतो.

पदक निघाले तर त्याची कड वाचावी. पहिल्या महायुद्धाच्या पदकांवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश जवानांना बिननावाची पदके दिली गेली, पण भारतीय जवानांची पदके नाव कोरूनच आली. संग्राहकांच्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे. अर्थात पदक आणि कोट एकाच घरातून निघाले तरच त्यांचा एकमेकांशी संबंध जोडावा. वेगवेगळ्या दुकानांतून आणलेले पदक आणि कोट एकत्र विकणारे व्यापारी मी पाहिले आहेत, आणि तसे करणे ही माझ्या मते त्या माणसाच्या आयुष्याशी केलेली लबाडी आहे.

लंडनमधील क्यू येथील ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारातील युद्ध-रोजनिशी, म्हणजे पलटणींनी युद्धकाळात ठेवलेल्या रोजच्या नोंदी, उपयोगी आहेत, पण त्यांत प्रामुख्याने अधिकाऱ्यांची नावे येतात. जवान बहुतेक संख्येतच असतात. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची सूची तर फक्त मृतांची आहे. आपले शिंदे जिवंत परत आले असतील तर ते तिथे सापडणार नाहीत, आणि न सापडण्याचा अर्थ कोट खोटा आहे असा होत नाही. सूचीत शोधताना आडनावाची जितकी स्पेलिंगे सुचतील तितकी तपासून पाहावीत. भारतीय नोंदींत पुष्कळदा वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो, म्हणून गावाच्या नावानेही शोध घ्यावा.

अतिनील दिव्याच्या चाचणीबद्दल थोडेसे, कारण हल्ली सगळे तोच सल्ला देतात. कापड आणि धागा चकाकवणारी रसायने दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास वापरात आली, म्हणून निळसर पांढरा चमकणारा धागा संशयास्पद ठरतो, हे खरे. परंतु अस्सल जुना सुती कोट आजच्या डिटर्जंटमध्ये एकदा जरी बुडवला तरी तोही चमकतो. म्हणून संपूर्ण कोट चमकला तर घाईने निष्कर्ष काढू नये. कोट न चमकता फक्त बिल्ला शिवलेला धागा चमकला, तरच बिल्ला नंतर चढवला असे समजावे. गळालेले बिल्ले दुसरीकडून आणून शिवू नयेत ही माझी विनंती आहे. रिकाम्या जागेवरची सुईची भोके हा पुरावा आहे, आणि नव्या टाक्यांनी तो कायमचा पुसला जातो.

परदेशी खरेदीदाराला तूर्त नकार कळवावा. १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षे पूर्ण झालेली ऐतिहासिक मोलाची वस्तू पुरावशेषात मोडू शकते आणि खासगी व्यक्तीला पुरावशेष देशाबाहेर पाठवता येत नाही. कोट खरोखरच ११७व्या किंवा तिच्या काळातल्या अन्य पलटणीचा निघाला तर ती मर्यादा त्याने केव्हाच ओलांडली आहे. पाठवणे कायदेशीर आहे की नाही हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून लेखी विचारून घ्या, त्या पत्राचीही पोहोच घ्या, आणि उत्तर येईपर्यंत कोट धुवट सुती कापडात सैल गुंडाळून, घड्यांत तसलेच सुती कापड भरून, डांबरगोळ्यांचा स्पर्श पितळेला होणार नाही अशा रीतीने कोरड्या जागी ठेवा.