गटात दोघंच बोलतात, बाकीचे नुसते ‘हो मॅडम’

प्रश्न : मी मखमलाबादकडच्या एका शाळेत आठवीला गणित आणि विज्ञान शिकवते. लॅबमध्ये दहा कॉम्प्युटर चालू आहेत, वर्गाचा पट चाळीस. चार-चार मुलांचे गट केले, सगळ्यांना एकच गुगल डॉक दिलं आणि ऑनलाइन चर्चा करून गणितं सोडवा म्हटलं. पण गटातला एक हुशार मुलगा टाइप करतो, दुसरा त्याला सांगतो, उरलेले दोघं खिडकीबाहेर बघतात नाहीतर ‘हो मॅडम’ लिहितात. दोन गटांनी तर एआयकडून उत्तर आणून सरळ पेस्ट केलं. मुख्याध्यापक म्हणतात, यापेक्षा फळ्यावर शिकवा. काय करू?

उत्तर : मॅडम, तुमचं पत्र वाचून मला माझा २०२० चा वर्ग आठवला. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन मीटिंगमध्ये गटचर्चेसाठी मुलांना वेगवेगळ्या ऑनलाइन खोल्यांत पाठवायचो आणि एकेका खोलीत डोकावलो की काय, सगळे माइक बंद, सगळे कॅमेरे बंद, आणि चौघं एकमेकांची वाट बघत बसलेले. तेव्हा मला वाटायचं मुलांना इंटरेस्ट नाही. खरं कारण कळायला मला वर्ष गेलं. मी जे गणित देत होतो ते एकट्याला पाच मिनिटांत सुटणारं होतं, मग चौघांनी बोलायचं कशाला? ज्याला येतं तो सोडवून मोकळा होणार आणि बाकीचे बघणार, हे साहजिकच आहे.

म्हणून माझं पहिलं म्हणणं हेच की डॉक, मशीन, सेटिंग हे सगळं नंतर बघा, आधी प्रश्न बदला. एकट्याला सुटूच नये असा प्रश्न द्या.

मी काय करतो ते सांगतो. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं नाशिक गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतं, पाणी गुडघ्याला लागलं का कमरेला आलं का गळ्यापर्यंत गेलं, हे आपल्याकडे पोरासोरांनाही माहीत असतं. पण पेपरात येतं ‘दहा हजार क्युसेक विसर्ग’ आणि ते म्हणजे किती हे कुणालाच सांगता येत नाही. तर मी चार चिठ्ठ्या करतो. एकीवर लिहितो की एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८.३ लिटर पाणी. दुसरीवर, धरणातून १०,००० क्युसेक सुटतंय. तिसरीवर, पाण्याचा टँकर १०,००० लिटरचा. चौथीवर, धरणाचा उपयुक्त साठा सुमारे ५,६३० दशलक्ष घनफूट. गटातल्या प्रत्येकाला एकच चिठ्ठी, दुसऱ्याला दाखवायची नाही, आपलं आहे ते आपल्या शब्दांत डॉकमध्ये टाइप करायचं. आणि प्रश्न दोन : सेकंदाला किती टँकर वाहून जातात, आणि याच वेगानं धरण रिकामं व्हायला किती दिवस लागतील?

आता यात हुशार मुलगा एकटा काही करूच शकत नाही, त्याच्याकडे चिठ्ठी एकच आहे. खिडकीबाहेर बघणाऱ्या पोराकडे टँकरचा आकडा आहे म्हटल्यावर त्याला बोलावंच लागतं. ही युक्ती माझी नाही, एलियट अॅरन्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये अमेरिकेत ऑस्टिनच्या शाळांत ती सुरू केली. तिथं तेव्हा वेगवेगळ्या वंशांची मुलं नुकतीच एका वर्गात बसायला लागली होती आणि एकमेकांशी धड बोलत नव्हती. प्रत्येकाच्या हातात कोड्याचा एक तुकडा दिला की एकमेकांना विचारल्याशिवाय कुणाचंच काम होत नाही, इतकी साधी गोष्ट.

पहिलं उत्तर येतं सेकंदाला अठ्ठावीस टँकर. मागच्या वर्षी एका मुलीनं ते तीनदा करून पाहिलं, मला म्हणाली सर कायतरी चुकतंय, अठ्ठावीस टँकर एका सेकंदात कसे जातील. मी काहीच बोललो नाही. तिनं चौथ्यांदा केलं, मग शेजारच्या गटाच्या स्क्रीनवर डोकावली, तिथंही अठ्ठावीस, आणि मग हळूच म्हणाली, म्हणून तर मारुती बुडतो. दुसरं उत्तर साडेसहा दिवस. ते सगळ्या गटांचं सारखंच आलं आणि सगळे खूश, तेवढ्यात एका पोरानं लिहिलं, ‘पण वरून पाऊस येतोय तो कुठे धरला?’ मॅडम, माझ्यासाठी चर्चा तिथं सुरू झाली. पुढची पंधरा मिनिटं मला काही करावं लागलं नाही.

एआयचं म्हणाल तर चिठ्ठ्यांच्या प्रश्नात त्याचा फार उपयोग होत नाही, कारण आधी चौघांचे आकडे गोळा करावे लागतात आणि तोवर अर्धं काम झालेलं असतं. तरी कुणी पेस्ट केलंच तर ओरडू नका. दुसऱ्या ओळीत असं का केलं, एवढंच त्या गटाला विचारा. सांगता आलं तर उत्तम, नाही आलं तर तेच आता त्यांचं काम.

दुसरी गोष्ट म्हणजे आधी एकट्यानं लिहायचं, मग बोलायचं. तीन मिनिटं कुणीही कुणाशी बोलायचं नाही, आपल्याला काय वाटतं ते वहीत लिहायचं, चुकलं तरी चालेल. हे केलं नाही तर पहिला बोलणारा जे म्हणेल तेच गटाचं मत होऊन बसतं आणि बुजऱ्या पोरांना आपलं वेगळं काही होतं हे आठवतही नाही. डॉकमध्ये चौघांना चार रंग वाटून द्या. मुलांची स्वतःची लॉगिन असतील तर व्हर्जन हिस्टरीत, म्हणजे डॉकमधल्या बदलांच्या नोंदीत, कुणी काय लिहिलं ते दिसतं, पण नुसत्या लिंकवरून आत आलेली सगळी अनामिक दिसतात, तिथं रंगच कामाला येतो. निळा रंग पानावर कुठंच नाही म्हटल्यावर बोट दाखवून विचारायची गरज पडत नाही, निळ्यावाल्याला ते आपोआप कळतं.

आणि सगळ्यात अवघड काम तुमचं आहे, गप्प बसायचं. मेरी बड रो या संशोधिकेनं १९७० च्या दशकात शिक्षकांचे तास रेकॉर्ड करून तपासले. प्रश्न विचारल्यावर आपण सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतो, आणि तेच तीन सेकंद थांबलो तर उत्तरं मोठी येतात, जास्त मुलं बोलतात, असं तिला आढळलं. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत, पण वर्गात उभं राहून ते काढणं किती जड जातं ते करून बघा. मी मनातल्या मनात ‘गोदावरी, गोदावरी, गोदावरी’ म्हणतो.

मशीनबद्दल थोडक्यात. एकाच खोलीत दोन मशीनचे माइक आणि स्पीकर चालू राहिले की शिट्टीसारखा आवाज घुमतो, म्हणून सगळे म्यूट करा, गटातलं बोलणं तोंडी आणि गटागटांतलं फक्त टाइप करून. मराठी टाइप करताना अडत असतील तर मोबाइलवर बोलून टाइप करू द्या, रोमनमध्ये लिहिलं तरी चालवून घ्या, त्या तासाला शुद्धलेखन नको. जॅमबोर्ड हा ऑनलाइन फळा वापरायचा विचार असेल तर तो गुगलनं २०२४ च्या डिसेंबरअखेर बंद केला, साध्या डॉकवर भागतं. आणि लाइट जाणारच, तेव्हा प्रत्येक गटाकडे एक मोठा कागद आधीच ठेवा.

शेवटची दहा मिनिटं मात्र सोडू नका. जॉर्ज पोल्या या गणितज्ञानं १९४५ मध्ये कोडं सोडवायच्या चार पायऱ्या मांडल्या : समजून घ्या, योजना करा, ती पार पाडा, आणि मागे वळून बघा. आपण चौथी पायरी घंटा वाजली म्हणून कायम टाकून देतो. पावसाचा प्रश्न त्या चौथ्या पायरीवरच आला होता.

मुख्याध्यापकांना तासाला बोलवा, मागच्या बाकावर बसवा, आणि पाचवी चिठ्ठी त्यांच्या हातात द्या.

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे, आम्ही नाशिकरोडला राहतो. गटचर्चेसाठी शाळेनं मुलांचाच व्हॉट्सअॅप ग्रुप केलाय. रात्री अकरापर्यंत मेसेज येतात आणि तिचा नंबर सगळ्यांकडे गेलाय. तक्रार केली तर मुलीवर राग निघेल का अशी भीती वाटते.

उत्तर : ताई, तुमची काळजी योग्यच आहे. व्हॉट्सअॅपची वयाची अट तेरा वर्षांची, म्हणजे सातवीतली बरीच मुलं त्यात बसतच नाहीत. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही अठराच्या आतल्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते असं म्हटलंय. पण लगेच कायदा काढू नका, आधी वर्गशिक्षिकेला एकटीला भेटा आणि दोनच गोष्टी मागा. ग्रुपमध्ये मुलांऐवजी पालकांचे नंबर असावेत, आणि संध्याकाळी सातनंतर फक्त अॅडमिननं लिहावं, ते सेटिंग ग्रुपमध्येच असतं. दोन-तीन पालक मिळून गेलात तर मुलगी एकटी पडणार नाही. चर्चा वर्गातच डॉकवर झाली तर घरी मेसेजची गरजच राहत नाही, हेही जरूर सांगा.

प्रश्न : सुरगाणा तालुक्यातल्या पाड्यावर आमची शाळा आहे. बावीस मुलं, मोबाइल फक्त माझा, रेंज शाळेमागच्या टेकाडावर. आम्हाला हे ऑनलाइन जमेल का?

उत्तर : गुरुजी, जमेल. तुमच्याकडे सगळी मुलं समोरासमोर बसतात, तेव्हा चर्चेला मोबाइल लागतच नाही, तो फक्त दुसऱ्या शाळेशी जोडायला हवा. शहरातली ओळखीची एक शाळा धरा. तुमच्या मुलांनी विचारायचं, आमच्या विहिरीचं पाणी एप्रिलमध्ये कुठवर जातं ते मोजायचं कसं, आणि तिकडच्या मुलांनी गंगापूरचं कोडं पाठवायचं. गटांनी कागदावर सोडवायचं, तुम्ही चार फोटो काढायचे, दुपारी टेकाडावर जाऊन पाठवायचे, उत्तर दुसऱ्या दिवशी आलं तरी चालतं, उलट मुलांना एक रात्र विचार करायला मिळते. लाइव्ह कॉलच्या मागे लागू नका, रेंज तुटली की मुलं हिरमुसतात. आणि फोटो काढायच्या आधी कागदाच्या कोपऱ्यात गटाचं नाव लिहून घ्या, नाहीतर कुठला कागद कुणाचा ते संध्याकाळी गॅलरीत शोधत बसावं लागेल.