विजेचा ट्रॅक्टर : चार्जिंगचे व्होल्ट किती हवेत?

व्होल्टचा तोच तो गोंधळ वाचकांच्या पत्रांतून सतत येतोय, म्हणून हे प्रश्न एकत्र घेतले. आकडे पाणी भरायच्या लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्यांचे आणि २५ अंश सेल्सिअस तापमानाचे आहेत. तुमच्या बॅटरीच्या माहितीपत्रकात वेगळा आकडा असेल, तर तोच धरा.

ट्रॅक्टर ३६ व्होल्टचा, पण चार्जर ४४ दाखवतो. बॅटऱ्या जळतील का?

नाही. सहा व्होल्टच्या सहा बॅटऱ्या म्हणजे १८ सेल, म्हणजे बॅटरीतले दोन-दोन व्होल्टचे कप्पे. भरत आल्यावर प्रत्येकाला २.४५ व्होल्ट लागतात, म्हणजे ४४.१. संच ४८ चा असेल तर २४ सेल, ५८.८ व्होल्ट.

मेकॅनिक म्हणतो, ४१ ला चार्जर काढा, पाणी उकळू देऊ नका, बॅटरी टिकते. खरं का?

अजिबात नाही. ऐकीव गोष्टींतली ही सगळ्यात महागात पडणारी आहे. ४१ ला १८ ने भागा, सेलला २.२८ येतात. एवढ्यात भरलेली बॅटरी भरलेली राहते, पण रिकामी वेळेत भरत नाही. बॅटरी वापरली की दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट धरतं. ते ताजं असतं तोवर चार्जिंगने परत आम्लात जातं. तसंच राहू दिलं तर त्याचे खडे मोठे आणि कडक होतात, आणि प्लेटचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. शिवाय जड आम्ल तळाशी बसतं. मेकॅनिक ज्याला उकळणं म्हणतो, ते बुडबुडेच हे आम्ल ढवळून वर आणतात.

चार्जरच्या हिरव्या दिव्यावर विसंबू नका. दिवा लागल्यावर हायड्रोमीटरने, म्हणजे आम्लाची घनता मोजायच्या नळीने, आम्ल ओढून बघा. भरलेल्या बॅटरीच्या १.२७० च्या जागी १.२२५ दिसलं, तर बॅटरी जेमतेम पाऊण भरली आहे. तासाच्या अंतराने घेतलेले आकडे वाढायचे थांबले, की भरली समजा. मग व्होल्ट ४० च्या आसपास उतरलेच पाहिजेत. चार्जर आपोआप उतरवत नसेल तर काढून ठेवा. आणि कृपा करून ‘आज दमलो, उद्या लावू’ म्हणू नका. ट्रॅक्टर उभा केला त्याच संध्याकाळी चार्जिंगला लावा.

उन्हाळ्यातही हेच व्होल्ट?

नाही. प्रत्येक अंशामागे सेलला सुमारे ५ मिलिव्होल्ट कमी करा. बॅटरी ४० अंशांवर असेल तर ३६ च्या संचाला ४२.८ च्या आसपास पुरे. थंडीत उलट, वाढवा. तापमान बॅटरीचं मोजा, हवेचं नव्हे.

हाच चार्जर जेल किंवा एजीएम या बंद बॅटऱ्यांना चालेल?

त्या बॅटरीसाठीची सेटिंग असल्याशिवाय लावू नका. त्यात पाणी परत भरता येत नाही. विक्रेत्याच्या तोंडी ‘चालतंय’वर जाऊ नका, कंपनीला लेखी विचारा.

सल्फेट काढणारी पावडर घ्यावी का?

पैसे वाया घालवू नका. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरशिवाय काहीही टाकू नका.

पाणी कधी भरायचं?

पूर्ण चार्ज झाल्यावर. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी, आणि तेही त्या बुडतील इतकंच.

एकच बॅटरी लवकर उतरते. सगळा संच बदलू का?

आधी मोजा. पूर्ण चार्ज करून काही तास मोकळी ठेवा, मग प्रत्येक बॅटरीचे व्होल्ट आणि प्रत्येक सेलचं आम्ल लिहून काढा. सहा व्होल्टची चांगली बॅटरी ६.३ च्या पुढे उभी राहते. एखादाच सेल मागे असेल तर माहितीपत्रकात मुभा असल्यास समतोल चार्ज, म्हणजे सगळे सेल बरोबरीला आणणारा जादा चार्ज, देता येतो. त्यात सेलला २.६ पर्यंत व्होल्ट जातात आणि हायड्रोजन भरपूर निघतो, म्हणून दारं उघडी, ठिणगी लांब, हातातली अंगठी काढलेली. पहिल्यांदा करत असाल तर जाणकार इलेक्ट्रिशियनला शेजारी उभं करा. तरीही तो सेल वर आला नाही, तर लिहिलेले आकडे घेऊन बॅटरीच्या अधिकृत सेवा केंद्रात जा.