काम दे आणि बाजूला हो

तुझा रात्रीचा मेसेज सकाळी वाचला. शनिवारच्या भरतीच्या ड्राइव्हमध्ये त्या लातूरच्या मुलीपुढे 'रिजेक्ट' लिहिलंस आणि तेव्हापासून तुला चैन नाही. बोर्डावर लिंक्ड लिस्ट, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या नोंदींची साखळी, उलटी करताना तिचा हात अडला. नंतरचा मुलगा धडाधड लिहून मोकळा झाला. पण त्याला समजलंय की त्याचं पाठ आहे, हे तुला सांगता येईना. कसं येणार? काम बघितलंस कुठे?

काम दे आणि बाजूला हो.

२०२० साली नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ४८ विद्यार्थ्यांना कोडिंगचा प्रश्न घातला. काहींनी तो परीक्षकासमोर बोलत-बोलत सोडवला, बाकीच्यांनी खोलीत एकट्याने. समोर माणूस असणाऱ्यांची कामगिरी निम्म्याहून खाली घसरली. त्यांच्यातल्या सगळ्या मुली नापास झाल्या. एकट्याने सोडवणाऱ्या सगळ्या पास. मुली थोड्याच होत्या, मान्य. तरी ते वाचून मी बराच वेळ नुसता बसून राहिलो.

कारण मीही एकाला असाच घालवलाय. मॅनहोलचं झाकण गोल का असतं, असं विचारलं होतं मी त्याला. तो गप्प. मी लिहिलं, 'कम्युनिकेशन कच्चं'. कॉलेजच्या ग्रंथालयासाठी केलेला प्रोग्रॅम त्याने सीडीवर आणला होता. ती सीडी मी लावूनही बघितली नाही. पुढे २०१३ मध्ये गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे प्रमुख लॅझ्लो बॉक यांनीच सांगितलं, की असल्या कोड्यांतून काहीच कळत नाही. तोवर तो मुलगा कुठल्या कुठे गेला होता.

तेव्हापासून मी एकच करतो. उमेदवाराला बिलाचा दोनशे ओळींचा प्रोग्रॅम देतो, त्यात एक टेस्ट, म्हणजे आपोआप होणारी तपासणी, फेल. बेरीज एका पैशाने चुकते, कारण रक्कम फ्लोटमध्ये, म्हणजे अपूर्णांक जवळपास साठवणाऱ्या प्रकारात, ठेवली आहे, तिथे ०.१ अधिक ०.२ नेमके ०.३ होत नाहीत. सगळ्यांना हेच काम, तेवढाच वेळ. कुणी राउंडिंग चिकटवून टेस्ट पास करतो. कुणी सगळी रक्कम पैशांत, पूर्णांकात नेतो. कुणाचं काम अर्धंच राहतं, पण चूक कुठे आहे ते त्याने अचूक हेरलेलं असतं. मला तोही चालतो. एआयची मदत घेतली? घेऊ दे. नंतर पंधरा मिनिटं बस आणि त्याने बदललेल्या एकेका ओळीवर विचार, ही का बदललीस.

आणि 'सर, एवढा वेळ कुठे आहे' हे मला ऐकवू नकोस. माझ्या टीमला माणसं उशिरा मिळतात, अशी तक्रार वरपर्यंत गेली होती. गेली तर गेली! त्या उशिरा घेतलेल्या माणसांनी केलेलं निस्तरायला मला रात्री दोनला उठावं लागलेलं नाही. मी हट्टी आहे म्हणतात. या बाबतीत आहेच, आणि तूही हो.

त्या मुलीचा नंबर एचआरकडे असेल. आजच फोन कर. तिला लॅपटॉप दे, इंटरनेट दे, एक तास दे आणि तू कँटीनमध्ये जाऊन बस. एचआरने कुरकुर केली तर त्यांना माझ्याकडे पाठव.