बायोप्सीत ‘एटिपिया’ आला, पण कर्करोग नाही. मग तो भाग काढायचा कशासाठी?

आपल्या ४६ वर्षांच्या वहिनींच्या स्तनाच्या सुईच्या बायोप्सीत ‘एटिपिकल डक्टल हायपरप्लेशिया’, म्हणजे दूधनलिकांतल्या पेशींची वेगळी दिसणारी जादा वाढ (थोडक्यात ‘एटिपिया’), आला, डॉक्टर कर्करोग नाही म्हणतात आणि तरीही तो भाग काढायला सांगतात, ही विसंगती नव्हे का, असे आपण विचारले आहे. मी इंदुरात पॅथॉलॉजिस्ट आहे आणि असे नमुने मी नेहमी पाहते. विसंगती नाही, आणि का नाही ते समजले की निर्णय पुष्कळ सोपा होतो.

१४ गेजच्या सुईतून आमच्याकडे येतात ते शेवईच्या तुकड्यांसारखे, जेमतेम दीड-दोन सेंटीमीटर लांबीचे काही धागे. अहवाल त्या धाग्यांपुरता असतो, अख्ख्या स्तनाचा नसतो. नलिकांमध्ये एकसारख्या पेशींची गर्दी दोन मिलिमीटरच्या आत असेल तर आम्ही एटिपिया म्हणतो. तीच गर्दी त्याहून पसरलेली असेल तर तिला नलिकेतच राहिलेला कर्करोग, म्हणजे डीसीआयएस, म्हणतात. सुई त्या गर्दीच्या कडेला लागली असली तर धाग्यात एटिपियाच दिसणार. म्हणूनच पूर्ण भाग काढून तपासल्यावर साधारण १० ते ३० टक्के स्त्रियांमध्ये डीसीआयएस किंवा, त्याहून कमी वेळा, पसरणारा कर्करोग सापडतो. शस्त्रक्रिया करायची ती या शंकेसाठी, आणि ती स्तन काढण्याची नसून तेवढाच भाग काढण्याची असते.

सीमारेषेवरच्या सगळ्याच निदानांना हा नियम लागत नाही. एटिपिया नसलेला लहान पॅपिलोमा (नलिकेतली मशीसारखी साधी गाठ) असेल किंवा एटिपिकल लोब्युलर हायपरप्लेशिया (दूधग्रंथींतल्या पेशींची तशीच वाढ) असेल आणि मॅमोग्राफीच्या चित्राशी अहवाल जुळत असेल, तर बहुधा देखरेख पुरते. मॅमोग्राफीत जे दिसले त्याचा उलगडा बायोप्सीच्या निदानाने होतो का, हा प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारा. उत्तर ‘नाही’ असेल, तर अहवाल कितीही सौम्य असला तरी थांबू नये.

दुसरे मत घ्या, असे मी आग्रहाने सांगेन. २०१५ च्या एका अमेरिकी अभ्यासात एटिपियाच्या काचपट्ट्यांवर (ज्यांवर नमुन्याचे पातळ काप लावून तपासतात) पॅथॉलॉजिस्टांचे मत तज्ज्ञांच्या मताशी निम्म्याहून कमी वेळा जुळले. आमच्या कामातली ही खरोखर अवघड जागा आहे. प्रयोगशाळेतून काचपट्ट्यांबरोबर मेणाचे ब्लॉकही (त्यांत उरलेला नमुना जपलेला असतो) मागून घ्या, कारण नवा काप घ्यायचा तर तो ब्लॉकमधूनच घेता येतो. रामबागेतून आलेल्या एका काकूंनी अहवालाचा कागद तेवढा जपला होता; ‘कॅन्सर नाही ना’ म्हणून दीड वर्ष तो कपाटात राहिला आणि काचपट्ट्या कुठे आहेत ते घरात कोणालाच सांगता येईना. ते दीड वर्ष वाया गेल्याची हळहळ मला अजून वाटते.

काढलेल्या भागात काही निघाले नाही तरी वहिनींचा पुढचा धोका सर्वसामान्य स्त्रीच्या सुमारे चौपट राहतो, २५ वर्षांत अंदाजे ३० टक्के, आणि तो दोन्ही स्तनांना असतो. त्यामुळे दरवर्षी मॅमोग्राफी हवी. टॅमॉक्सिफेन या इस्ट्रोजेनला अडवणाऱ्या गोळीने हा धोका निम्म्याहून अधिक घटतो. गर्भाशयाचा किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास पूर्वी झाला असेल तर तो कर्करोगतज्ज्ञांना आधी सांगावा. आठ-दहा दिवस दुसऱ्या मतासाठी थांबल्याने काही बिघडत नाही. मॅमोग्राफीत कॅल्शियमचे कण दिसले होते की गाठ, आणि बायोप्सीच्या जागी क्लिप (खुणेसाठीचा धातूचा बारीक तुकडा) ठेवली आहे का, हे कळवलेत तर पुढचे अधिक नेमके लिहिता येईल.