थांब जरा, पोरी

पोरी,

शनिवारी तू दुकानात आलीस तेव्हा मी तानपुऱ्याची जवारी काढत होतो, म्हणजे तार झणकारावी म्हणून घोडी घासून नीट करत होतो, म्हणून धड बोललो नाही. एक इअरफोन माझ्या कानात कोंबलास आणि म्हणालीस, "काका, यात पुढं काहीच होत नाही, तरी बंद करवत नाही. माझं काही बिघडलंय का?"

काही बिघडलेलं नाही. बिघडलं ते रात्री, तुझे मेसेज आले तेव्हा. अँप कुठला घेऊ, पेडल कुठलं, सांगलीत शंभर गिटारी कुठून आणू. अगं, शंभर कशाला? तू ऐकवलंस ते 'गिटार ट्रिओ', 1977 चं. रीस चॅटम नावाचा अमेरिकी संगीतकार, पोटासाठी पियानो सुरात लावून द्यायचा. सुरुवातीला गिटारची सगळ्यात जाड ईची तार छेडत राहतो, बास. तारेवर हात इकडंतिकडं सरकवला की त्याच स्वरातून वेगवेगळे स्वर डोकावतात. शंभर गिटारींपर्यंत तो 1989 साली पोचला, पॅरिसच्या चर्चमधल्या चारशेंपर्यंत 2005 साली. आधी बारा वर्षं थांबला, ते बघ.

ग्लेन ब्रांका या न्यूयॉर्कच्या संगीतकाराचंही ऐक. त्याच्या शंभर गिटारींच्या सिंफनीचा पहिला प्रयोग न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या चौकात झाला, जून 2001 मध्ये. तीन महिन्यांत त्या इमारतीच राहिल्या नाहीत. असो.

तुझ्या बाई विचारतात ना, यात राग कुठला? त्यांना सांग, चॅटम शिकला ला माँट यंग या अमेरिकी संगीतकाराकडं, यंग गायक पंडित प्राणनाथांचा शिष्य, आणि प्राणनाथ किराणा घराण्याचे. किराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आपल्या मिरजेत, मीरासाहेबांच्या दर्ग्यात. तेव्हा हा गोंगाट परका नाही म्हणावं. (चिडून सांगू नकोस. बाईंचा कान चांगला आहे.)

आता माझ्या कामातलं सांगतो. तानपुऱ्याच्या तारा ज्या पट्टीवर टेकतात त्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा असतो. तो केसभर पुढं-मागं करत जायचं. बराच वेळ तार नुसती ठणठणते. मग एक जागा अशी येते की तीच तार उघडते, झणकार सुटतो, आणि खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सा च्या तारेत कुणी न छेडलेला गंधार, म्हणजे ग, ऐकू येतो. स्वयंभू म्हणतात त्याला. मी तो लावत नाही. मी फक्त तिथं धागा थांबवतो. केसभर आणखी सरकवला की गेला! शिकाऊ पोरं हमखास इथंच चुकतात, हाताला घाई. तुझ्या ईच्या तारेतही तोच गंधार आहे, पाचव्या पटीतला. 82 हर्ट्झची तार, वर 412 च्या आसपास शोध. अँपचा आवाज वाढवला की तो पुढं येतो, पण तू थांबलीस तर. दोन मिनिटांत कंटाळून कॉर्ड बदललीस तर चारशे गिटारी लावूनही तुला ठणठणाटच मिळेल.

मी नाही थांबलो. पंचविशीत ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. एका लग्नात जेवणं लांबली होती, म्हणून मी आणि बेसवाल्यानं एकच स्वर धरला. सहा-सात मिनिटं. मंडप घुमायला लागला, एक आचारी झारा हातात घेऊन बाहेर येऊन उभा राहिला. मग मालकानं माझी वायर उपटली. मी माफी मागितली आणि लगेच नाचाचं गाणं सुरू केलं. पुन्हा कधी तसं वाजवलं नाही. घरात खाणारी पाच तोंडं होती, महिन्याला बारा कार्यक्रम मिळत होते. तू माझ्या जागी असतीस तर तूही माफीच मागितली असतीस. मागितली असतीस ना? आणि गिटार सुटली म्हणूनच जवारीला बसलो, त्यात वाईट काय झालं? पण तो आचारी अजून डोळ्यांपुढं येतो. त्याला कळत होतं.

म्हणून थांब म्हणतो. पेडल घेऊ नकोस. बँड सोडू नकोस, त्या पोरांना शिव्याही देऊ नकोस. त्यांच्यातले दोघं पुरेत. तिघांनी एकच तार लावा, मशीनवर नाही, कानानं, आणि वीस मिनिटं कुणी हलायचं नाही. दहाव्या मिनिटाला कुणीतरी हसेल. हसू दे.

रविवारी दुपारी दुकान बंद असतं, तेव्हा या. छोटा अँप मी शेजाऱ्याकडून मागून ठेवलाय. लाइट गेली तर तानपुरा आहेच. आणि येताना माझी ती बारीक कानस घेऊन ये, शनिवारी तुझ्या पिशवीत गेलीय.

काका